पोत्यातला दाणा जिवंत आहे काय?

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजार समितीचा उपकर, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, गोदामांची भाडी आणि हमालीचे दर या विषयांवर दरवर्षी लेख येतात, आणि ते यावयासच हवेत. शेवटच्या पानांवर एखादा धार्मिक लेखही असतो. तो बहुधा कोणा पंडितांनी अथवा त्यागीजनांनी लिहिलेला असतो. व्यापारावर व्यापाऱ्यांनी लिहावे आणि आत्म्यावर पंडितांनी लिहावे, अशी वाटणी कोणी ठरवून केलेली नसली तरी ती पडून गेली आहे खरी. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. जीव म्हणजे काय, तो येतो कोठून व जातो कोठे, गेलेला जीव आणि आलेला जीव एकच काय, हे प्रश्न पेढी मुलांच्या स्वाधीन केल्यानंतर वाचावयाच्या ग्रंथांसाठी राखून ठेवण्याजोगे मला वाटत नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्याच्या तर ते रोज तळहातावर असतात. नमुन्याची मूठ उघडून तो तीवर फुंकर घालतो, रंग पाहतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि भाव सांगतो. तो दाणा जिवंत होता की नव्हता, हे मात्र कोणी विचारीत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्री अथवा शास्त्रज्ञ असल्याचा दावा मी करीत नाही. परंतु बेळगावच्या बाजारात चाळीसाहून अधिक वर्षे ठोक धान्याचा व्यवहार केल्यानंतर एवढे म्हणण्याचा अधिकार मला असावा की, ज्या वस्तूवर आपली घरे चालली तिच्याविषयी काही मूलभूत विचार आपण करावयास हवा होता, तो केला नाही.

एकाच दुकानात आणि एकाच काट्यावर आपण सजीव व निर्जीव दोन्ही तोलतो. भात सालीसकट असते तोवर पेरल्यास उगवते. गिरणीतून ते पांढरा तांदूळ होऊन बाहेर पडले म्हणजे कोंड्याबरोबर त्याचा कोंभही गेलेला असतो, आणि मग तो तांदूळ कितीही सुवासिक असो, त्याला अंकुर फुटावयाचा नाही. उकडा तांदूळ, जो आपल्याकडून चोर्ला घाटाने गोव्याला जातो, त्याचे तर साल निघण्यापूर्वीच सर्व काही संपलेले असते. अख्खी तूर, अख्खा हरभरा, मूग, मटकी, हुलगा ही जिवंत. त्यांचीच डाळ निर्जीव. गहू जिवंत, रवा निर्जीव. दोन्हींची पोती एकमेकांना टेकून उभी असतात, एकच हमाल ती वाहतो, आणि आपल्या वहीत दोन्हींना एकच रकाना असतो.

तथापि बाजाराला जीव अजिबात दिसत नाही असेही म्हणता येणार नाही. पोत्यावर 'बियाणे' अशी चिठ्ठी लागली की त्याच वाणाचा भाव निराळा होतो, त्याला निराळा परवाना लागतो, आणि १९६६ च्या बियाणे कायद्याने त्यात शेकडा किती दाणे उगवतील याची किमान मर्यादा पाळावी लागते. गव्हासाठी ती शेकडा ८५ आहे, सोयाबीनसाठी ७०. म्हणजे शासनाने बियाण्याच्या जिवाचे प्रमाणपत्र मागितले आहे. फक्त तो शब्द वापरलेला नाही, उगवणशक्ती म्हटले आहे.

ही उगवणशक्ती तपासतात कशी, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सरसकट शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची, आणि आठवड्याने उलगडून मोड आलेले दाणे मोजावयाचे. यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या शंभर दाण्यांविषयी आपणास उत्तर मिळाले ते आता दाणे राहिले नाहीत. त्यांतल्या काहींची रोपे झाली, काही कुजले. पोत्यात जे दाणे अद्याप दाणे आहेत त्यांच्याविषयी आपण केवळ अनुमान करीत असतो. एखादा दाणा हातात घेऊन, त्याला जराही धक्का न लावता, हा जिवंत आहे काय असे विचारले तर मोठा तज्ज्ञही शेकड्यातच उत्तर देईल.

हा प्रश्न नवा नाही. भगवती सूत्रात, ज्याला व्याख्याप्रज्ञप्ती असेही नाव आहे, गौतम गणधर भगवान महावीरांना जे असंख्य प्रश्न विचारतात त्यांत धान्याच्या कोठाराचा एक प्रश्न आहे. साळी, व्रीही, गहू, जव ही धान्ये कोठीत घालून, झाकून, लिंपून, मुद्रा करून ठेवली तर त्यांची योनी, म्हणजे त्यांतून जीव उत्पन्न होण्याची योग्यता, किती काळ टिकते? उत्तर असे आहे की कमीत कमी अंतर्मुहूर्त आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. मसूर, तीळ, मूग, उडीद, वाल, हुलगा इत्यादिकांची पाच वर्षे. जवस, करडई, कोद्रू, राळा, ताग, मोहरी यांची सात वर्षे. त्यानंतर ते बीज बीजपण गमावून बसते. आपल्या सभासदांपैकी काहींना हा आगम प्रमाण आहे, काहींना नाही. तो वाद येथे नको. माझ्यासारख्या माणसाला त्यात जाणवते ते असे की, ज्याने हे उत्तर प्रथम दिले अथवा लिहून ठेवले त्याचा कोठारांशी निकटचा परिचय असला पाहिजे. लिंपलेली कोठी आणि उघडी रास यांतला फरक त्याला ठाऊक होता. तृणधान्य, कडधान्य आणि गळिताची धान्ये सारखी टिकत नाहीत हेही ठाऊक होते. आपल्या हवेत साध्या गोदामात ठेवलेल्या गव्हाचा तीन पावसाळ्यांनंतर किती अंश उगवतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला पहिली मुदत तरी परकी वाटणार नाही.

दुसरा ग्रंथ दिगंबर आम्नायाचा आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती ज्याने उभारली त्या चामुंडरायाचे समकालीन नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी दहाव्या शतकात गोम्मटसार रचला. त्याच्या जीवकांडात बीजाविषयी जे सांगितले आहे त्याचा भाव असा: बीज जेव्हा योनिभूत होते तेव्हा त्यात जो जीव येतो तो पूर्वी त्यात होता तोच असेल, किंवा दुसरा असेल.

तोच किंवा दुसरा. मी हे प्रथम ऐकले तेव्हा आमच्या पंडितजींना थांबवून पुन्हा विचारले, कारण धर्मग्रंथात अशी मोकळी जागा असेल असे मला वाटले नव्हते. आपली अपेक्षा अशी असते की शास्त्राने पक्के सांगावे. येथे शास्त्राने दोन शक्यता मांडून त्या तशाच ठेवल्या आहेत. वाळलेला दाणा हा जीव आहे, की जीव येऊन बसण्याची ती केवळ तयार केलेली जागा आहे? आणि आज अंकुरलेला जीव तो मागच्या हंगामात कणसात दूध भरताना होता तोच काय? दाण्याला हा प्रश्न विचारता येतो, तर तो साठी उलटलेल्या माणसालाही विचारता येतो. माझ्या बोटात मावत नाही अशी एक लहानशी अंगठी माझ्या तिजोरीत आहे. ती माझ्या मुंजीच्या वयाची आहे असे घरचे सांगत. (आपल्यात मुंज करणारी घरे थोडी, पण उपाध्ये घराण्यांच्या शेजारामुळे आमच्याकडे ती चाल होती.) ती अंगठी ज्याच्या बोटात होती तो मीच, याला माझ्याजवळ आठवण आणि इतरांचे सांगणे याहून निराळा पुरावा नाही.

आता आजचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. शास्त्राप्रमाणे वाळलेला दाणा श्वास घेतो. अत्यंत मंद गतीने प्राणवायू घेतो, कर्बवायू सोडतो, किंचित उष्णता व ओलावा निर्माण करतो. दाण्यात ओल जास्त राहिली की हा श्वास वाढतो, थप्पीच्या पोटात ऊब धरते, बुरशी येते, आणि हात घातला तर चटका बसावा इतके पोते तापते. आपण त्याला माल 'गरम झाला' असे म्हणतो. विजापूर, सोलापूर, मंगळवेढा या भागांत शाळू ज्या पेवांत साठवीत, त्या पेवांत उतरण्यापूर्वी तोंड उघडून बराच वेळ वारा घालावा लागे आणि आत दिवा सोडून तो विझतो की काय हे पाहावे लागे. ही काळजी न घेतल्यामुळे माणसे दगावल्याच्या गोष्टी त्या भागातल्या प्रत्येक जुन्या गावात ऐकावयास मिळतात. धान्याचा व त्यातील बुरशीकिड्यांचा श्वास त्या बंद खड्ड्यात साठून राहिलेला असतो. ज्याला आपण मृतवत समजतो त्या राशीच्या उच्छ्वासाने जिवंत माणूस मरावा, हा विचार एकदा मनात आला म्हणजे गोदामात रात्री एकटे उभे राहणे पूर्वीसारखे वाटत नाही.

दाण्याचे आयुष्य मुख्यतः ओल व उष्णता या दोहोंवर ठरते. ओल शेकडा एकाने कमी केली तर आयुष्य सुमारे दुपटीने वाढते, असा बियाण्याच्या तज्ज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे तीन-पाच-सात वर्षांच्या मुदती कोरड्या व थंड जागी पार ओलांडल्या जातात. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर १९६० च्या दशकातील उत्खननात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची एक बी २००५ मध्ये इस्राएलात रुजविण्यात आली आणि तिचे झाड झाले. त्याच प्रदेशातील तशाच प्राचीन बियांपासून पुढे मादी झाडेही वाढली आणि २०२० मध्ये त्यांतल्या एकाला फळे धरली. याउलट इजिप्तच्या थडग्यांतील गहू उगवल्याच्या ज्या कथा शंभर-दीडशे वर्षे सांगितल्या गेल्या, त्यांतली एकही तपासणीत टिकली नाही.

येथे आपल्यातल्या एका सवयीविषयी लिहिणे भाग आहे. वनस्पतीत जीव आहे असे शास्त्रज्ञाने म्हटले की आपण लागलीच सांगतो, आमच्या धर्माने हे आधीच सांगितले होते. जगदीशचंद्र बसूंचे नाव तर आपल्या सभांत दर पर्युषणात निघते. बसूंनी यंत्रे लावून वनस्पतींच्या प्रतिसादाची मोजदाद केली. आपल्या ग्रंथांत जीवाचे जे लक्षण सांगितले आहे ते जाणण्याचे, उपयोगाचे आहे. या दोन गोष्टी शेजारच्या असतील, पण एक नव्हेत. दुसऱ्याच्या मेहनतीच्या मालावर आपली चिठ्ठी लावणे व्यापारात आपण खपवून घेत नाही. त्याचप्रमाणे 'जीव वगैरे काही नाही, सगळे रसायन आहे' असे चहा पिता पिता सांगून मोकळी होणारी आपली शिकलेली मुले, तीही मला घाईची वाटतात. दोन हजार वर्षे गप्प बसलेली बी ओल लागताच कामाला लागते, तेव्हा त्या दोन हजार वर्षांत ती काय होती, हे 'रसायन' या शब्दाने सांगून होत नाही.

जीव शोधण्याचा खटाटोप करणारा एक राजा आपल्या वाङ्मयात आहे, आणि त्याची कथा तोलमापाची असल्यामुळे मला ती फार प्रिय आहे. राजप्रश्नीय सूत्रातील सेयविया नगरीचा हा राजा प्रदेशी. पार्श्वनाथांच्या परंपरेतील केशीकुमार श्रमणांपुढे तो आपले प्रयोग मांडतो. एका चोराला लोखंडी कुंभात घालून झाकण घट्ट बसविले. तो मेला, पण जीव बाहेर पडल्याचे छिद्र कोठे दिसले नाही. दुसऱ्या चोराला जिवंतपणी तोलले, मारून पुन्हा तोलले. वजनात फरक नाही. तिसऱ्याचे तुकडे करून पाहिले. जीव सापडला नाही. यावर केशींनी दाखले दिले. बंद घरात भेरी वाजविली तर भिंतीला छिद्र न पडता आवाज बाहेर येतो. लाकूड फोडून फोडून पाहिले तरी त्यात अग्नी दिसत नाही. आणि चामड्याची पिशवी रिकामी तोला वा वारा भरून तोला, वजन तेच.

शेवटच्या दाखल्यावर आजचा शाळकरी मुलगाही म्हणेल की हवेला वजन असते. असते खरे, परंतु सैल पिशवीत भरलेली हवा भोवतालच्या हवेतच तरंगत असल्याने काट्यावर ती दिसत नाही. हे काट्याच्या धंद्यातल्या माणसाने लक्षात ठेवावे असे आहे: काटा दाखवीत नाही म्हणून वस्तू नाही, असे ठरत नाही. मात्र केशींच्या दाखल्यांनी जीव आहे हे सिद्ध झाले काय? माझ्या मते तेवढ्याने झाले नाही. राजाच्या शोधण्याच्या रीतीतून 'नाही' हे उत्तर निघत नाही, इतकेच सिद्ध झाले. तेही थोडे नव्हे. आणखी असे की, या राजाने एका प्रश्नासाठी माणसे मारली, आणि कथेत त्या चोरांना नाव नाही.

प्रदेशीसारखाच प्रयोग, पण कोणाला न मारता, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टराने केला व १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मरणोन्मुख रोग्यांच्या खाटाच त्याने मोठ्या काट्यावर ठेवल्या. रोगी अवघे सहा. पहिल्याच्या मृत्यूसमयी पाऊण औंस घट आली. त्यावरून आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम अशी वदंता जगभर पसरली. उरलेल्यांचे तोल एकमेकांशी जुळले नाहीत, दोघांचे तर त्याने स्वतःच सोडून दिले. सहा पोत्यांतील एकाच्या तोलावरून कोणी सौदा केला तर आपण त्याला दुकानावर बसवून घेणार नाही.

जीव आहे की नाही याच्या पुढचा प्रश्न असा की, आहे असे धरल्यावर आपण काय करावयाचे. याचा विचार करताना मला नेहमी लेनिनग्राडचे कोठार आठवते. त्या शहरात निकोलाय वाविलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर फिरून जमविलेल्या धान्यांच्या वाणांचा प्रचंड संग्रह होता. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा दिला, तो जानेवारी १९४४ पर्यंत पुरता उठला नाही. पहिल्या हिवाळ्यात सामान्य नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. संस्थेतील शास्त्रज्ञ गहू, तांदूळ, भुईमूग, ओट यांच्या पाकिटांमध्ये बसून होते, आणि त्यांतले अनेक उपासमारीने मेले. तांदळाच्या संग्रहाचे रक्षक दमित्री इव्हानोव्ह मेले तेव्हा त्यांच्याजवळ तांदळाची हजारो पाकिटे शाबूत होती. भुईमुगाचे तज्ज्ञ श्चुकिन कामाच्या टेबलाशीच गेले. स्वतः वाविलोव्ह १९४० पासून आपल्याच सरकारच्या कैदेत होते. जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात तेही खंगून मेले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे उघडून लोकांना वाटून टाकली. एकाने कोठार उघडले म्हणून आपण त्याला संत म्हणतो. दुसऱ्यांनी कोठार बंद ठेवून प्राण दिले, त्यांना काय म्हणावयाचे? वेढ्यातल्या शहरात उपाशी मुलेही होती. त्या पाकिटांनी लक्षावधी लोकांचे पोट एक दिवसही भरले नसते, हा हिशेब खरा. पण शेजारच्या एका घराचे भरले असते, हाही हिशेब खराच. मी या प्रश्नावर अनेकदा बाजू बदलली आहे. आज माझे मत असे की त्या माणसांनी दाण्यात पुढच्यांचा जीव पाहिला आणि त्यांना तसे पाहण्याचा अधिकार होता, कारण किंमत त्यांनी स्वतः मोजली. दुसऱ्याच्या उपासावर कोठार बंद ठेवणारा व्यापारी त्यांचे नाव घेऊ शकत नाही. साठेबाजी हा शब्द आपल्या धंद्याला उगाच चिकटलेला नाही, हेही येथे लिहून ठेवतो.

हा सर्व विचार केवळ बुद्धीची करमणूक वाटेल. तो तसा नाही, हे मला काही वर्षांपूर्वी एका इस्पितळाच्या जिन्यात कळले. माझे एक समव्यवसायी स्नेही अतिदक्षता विभागात यंत्रावर होते. एकोणीस दिवस. छाती वरखाली होत असे, ती यंत्राने. त्यांचा थोरला मुलगा, जो माझ्या मांडीवर खेळला, मला म्हणाला, "काका, बाबा आहेत का नाहीत, तेवढं सांगा. आत सगळे 'आहेत' म्हणतात. मी हात धरतो तेव्हा मात्र मला कोणी सापडत नाही." मेंदूमृत्यूची व्याख्या १९९४ च्या अवयवरोपण कायद्यात आहे, चार वैद्यांनी, सहा तासांचे अंतर ठेवून, दोनदा तपासावयाचे असते. माझे स्नेही त्या व्याख्येतही बसत नव्हते. दाण्याच्या बाबतीत गोणपाट उलगडण्याची सोय असते; येथे ती नव्हती. मी त्या मुलाला उत्तर दिले नाही. त्याच्याबरोबर जिन्यात बसलो. त्याला सर्वांत बोचले ते असे की, वडिलांची इच्छा काय होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. गोदामाचे, दागिन्यांचे, शेअरचे मृत्युपत्र नोंदलेले होते; या एका गोष्टीची ओळ त्यात नव्हती.

काही सभासद यावर सल्लेखनेचे नाव घेतील. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा दंडनीय ठरविला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. देशभर निघालेले मूक मोर्चे सर्वांच्या स्मरणात आहेत. आपल्याच जिल्ह्यातील भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. निरोप कोणी, कोणास व केव्हा द्यावयाचा, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. परंतु आयुष्यभर निग्रह केलेल्या मुनींचे उदाहरण, ज्याला शुद्धच नाही अशा गृहस्थाच्या खाटेशी नेऊन लावणे मला रास्त वाटत नाही. गृहस्थाला जो मार्ग आहे तो साधा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली, आणि २०२५ च्या जानेवारीत कर्नाटक शासनाच्या आरोग्य खात्याने त्याच्या अंमलबजावणीचे आदेश काढले. शुद्धीत असताना, दोन साक्षीदारांसमक्ष, आपणास कोठवर यंत्रावर ठेवावे हे लिहून ठेवता येते. संघाच्या कार्यालयात त्याचे नमुने ठेवावेत, अशी सूचना मी केली आहे. त्या कागदाने जीव म्हणजे काय हे कळणार नाही. पण जिन्यात बसलेल्या मुलाला आपले उत्तर शोधावे लागणार नाही.

आता माझा दुसरा प्रस्ताव. अमेरिकेत मिशिगन येथे विल्यम बील नावाच्या प्राध्यापकाने १८७९ मध्ये वीस बाटल्यांत निरनिराळ्या वनस्पतींच्या प्रत्येकी पन्नास बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरावयाची, असा संकल्प. २०२१ मध्ये सोळावी बाटली काढली तेव्हाही काही बिया उगवल्या. पुढची २०४० मध्ये, आणि शेवटची २१०० मध्ये निघावयाची आहे. बील १९२४ मध्ये वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी जागेचा नकाशा सांभाळला आहे.

आपल्या संघाला असे काही करणे अवघड नाही. भगवती सूत्रातील तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुदती आपणच का तपासू नयेत? गहू, भात आणि शाळू. मूग, तूर, हरभरा आणि हुलगा. जवस, करडई आणि मोहरी. आणि ज्याचे नाव कोणत्याही आगमात नाही ते सोयाबीन, अशी अकरा धान्ये घ्यावीत. प्रत्येकाचा एक वाटा मातीच्या मडक्यात घालून, झाकून, शेणमातीने लिंपून ठेवावा, जसे ग्रंथात सांगितले आहे. दुसरा वाटा उन्हात नीट वाळवून काचेच्या घट्ट बरणीत. एकदा लिंपलेले मडके दरवर्षी फोडावयाचे नसल्याने जितकी वर्षे तितकी मडकी लागतील. खर्च वार्षिक भोजनातील एका पक्वान्नाहून जास्त नाही. दरवर्षी प्रत्येकातील शंभर दाणे गोणपाटात घालून मोजावेत, आणि आकडे या स्मरणिकेत छापावेत. धारवाडचे कृषी विद्यापीठ जवळच आहे. तेथील तज्ज्ञांना पहिल्या वर्षी बोलवावे, म्हणजे मोजण्याची रीत चुकणार नाही. किल्ली अध्यक्षांकडे न ठेवता सर्वांत तरुण सभासदाकडे ठेवावी. सातव्या वर्षाचा आकडा वाचावयास मी असेन, अशी हमी मी देत नाही.

एक आक्षेप मला आताच ऐकू येतो: शंभर दाणे रुजवून पाहणे हाच आरंभ, हीच हिंसा. आक्षेप प्रामाणिक आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. रुजलेले दाणे फेकून देऊ नयेत. ते संघाच्या परसात मातीत लावावेत, त्यांना पाणी घालावे. जे रुजणार नाहीत त्यांना निर्जीव म्हणून केरात टाकावयाचे, की त्यांनाही मातीतच ठेवावयाचे, हे मात्र कार्यकारिणीने ठराव करून ठरवावे.